रांगेबाहेरचा लिंब

माझं लग्न आधी स्लॅबशी ठरलं, नवरा मागून आला. खोटं सांगत नाही. दुष्काळ नुकताच सरला होता. आमच्या म्हसवडकडच्या माळावर मेंढरं कमी आणि त्यांची हाडं जास्त दिसायची. त्या दिवसांत माझ्या बापाला एकच ध्यास लागला होता, पोरगी स्लॅबच्या घरात द्यायची. स्थळ आलं की मुलगा शिकलाय का, दारू पितो का, काही विचारायचं नाही. पहिला प्रश्न, "घर स्लॅबचं हाय का?" कौलं म्हटलं की बापाचं तोंड वाकडं व्हायचं. पत्रा म्हटलं की चहासुद्धा सांगायचा नाही. आणि आम्ही स्वतः राहत होतो कशात? धाब्याच्या घरात. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर वैशाख पेटलेला असला तरी उंबरा ओलांडला की अंग निवायचं. त्याच घराची बापाला लाज वाटायची.

शेवटी सांगलीचं स्थळ आलं. मुलगा मिरजेला रेल्वेत, सासरा पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीत आलेला. आणि घर? "नवं कोरं, स्लॅबचं, कॉलनीत," मध्यस्थ म्हणाला. बापानं पुढचं काही ऐकलंच नाही. माणसं मूळची आमच्यातलीच, मेंढरं राखणारी. पण दोन पिढ्यांमागं सातारकडं गेली, तिथं शेतीला लागली, पोरं फौजेत गेली, आणि मग पालात राहणाऱ्या माणसांचं नाव काढलं की नाक मुरडायला शिकली. माझ्या बापाचा पटका आणि खांद्यावरचं घोंगडं बघून सासऱ्यांनी बोलणी चालू असतानाच विचारलं, "अजून पालं टाकत हिंडता काय तुमी?" बाप ओशाळून हसला. स्लॅबसाठी माणूस काय काय गिळतो बघा.

लग्न होऊन मी सांगलीला आले आणि बघते तर कॉलनी कसली, कवायतीचं मैदान होतं. गावाबाहेर मिरजेच्या वाटेला एक माळ होता. पेन्शनीतल्या फौजी लोकांनी सोसायटी काढून तो घेतला होता, आणि आमचे सासरे सोसायटीचे चेअरमन. सगळी घरं एका मापाची, चुन्यानं पांढरी केलेली, दोरी लावून रांगेत उभी. रस्त्याच्या कडेला दगड, एक गेरूचा, एक चुन्याचा. रस्ता म्हणाल तर दोन ट्रक शेजारी शेजारी जावेत एवढा रुंद, आणि कॉलनीत वाहनं म्हणजे सायकली! त्या रुंद रस्त्यावर दिवसभर ऊन सोडून दुसरं काही जात नव्हतं.

त्यात आणखी एक शहाणपणा. सगळ्या घरांची तोंडं एकाच दिशेला, मावळतीला. का? तर मावळतीला झेंड्याचा कट्टा होता. प्रत्येक घरानं झेंड्याकडं तोंड करून उभं राहायचं असं सोसायटीत ठरलं होतं. झेंड्याला सलाम वर्षातून दोनदा आणि दुपारच्या उन्हाला रोज. जगात कुठल्या शहाण्यानं आपल्या घराचं दार, खिडक्या, ओटा सगळं मुद्दाम मावळतीच्या उन्हात उघडून ठेवलं असेल? आमच्या मेंढरांना कळतं हो. दुपार झाली की ती उन्हाला पाठ देतात आणि एकमेकींच्या पोटाखाली तोंडं खुपसून उभी राहतात. पण मेंढरं कधी फौजेत गेली नाहीत.

माळावर आधी झाडं होती. बाभळी होत्या, चार-दोन लिंब होते, एक चिंच होती म्हणतात. मी आले तोवर सगळी तोडून झाली होती. "पाला पडतो, झाडू कोन मारनार?" हे त्याचं कारण. उरला होता एकच कडुलिंब, तोही आमच्या दारात, ओट्यासमोर. तो कसा उरला ते मला माझ्या सासूनं, आत्याबाईंनी सांगितलं. आत्याबाई म्हणजे बाई अशी की नवऱ्यासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायची नाही, आणि नवरा वळला की त्याचं असं सोंग काढायची की हसून हसून पोट दुखावं.

"अगं, नकाशा काडायला सरकारी सायेब आला," आत्याबाई तोंडाला पदर लावून सांगायच्या. "कुटं बसवायचा? ह्या लिंबाखाली. टेबल टाकलं, कागद पसरला. ह्यांनी सांगायचं, सायबानं रेघ मारायची. मी आपली च्या घिऊन यीत जात हुते. जरा येळ झाला की सावली सरकायची. मग दोघांनी टेबल उचलायचं, सावलीत न्यायचं आनि परत रेघ मारायची. अशी दुपारभर टेबलाची वरात चालली हुती. आनि सांजच्याला सायेब म्हनतोय कसा, ह्यो लिंब लाइनीत येतोय, ह्यो काडावा लागंल."

त्या लिंबाच्या सावलीत बसून, तिच्या मागं मागं टेबल ओढत, दोन शिकल्या-सवरल्या माणसांनी त्याच लिंबाला काढायचं ठरवलं. बरं, वर चहा पिऊन. मी तेव्हा नुकतीच आलेली सून, पण मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मग आत्याबाई, तुमी चहात मीठ का नाही घातलं?"

लिंब उरला तो सिमेंटच्या टंचाईनं. त्या वर्षांत सिमेंट परमिटवर मिळायचं. जेवढं आलं तेवढं स्लॅबात गेलं. कंपाउंडच्या भिंतीला काही उरलं नाही. लिंब होता बरोब्बर त्या भिंतीच्या रेघेवर. भिंत नाही, तोवर लिंब. अशा आयुष्यावर तो उभा होता.

तिसऱ्या रांगेतले स्लॅब मी आल्यावर पडले. स्लॅब पडायचा दिवस म्हणजे काय थाट! नारळ, पेढे, गावाकडनं पाहुणे. मग स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून त्यात पाणी साठवायचं, म्हणजे सिमेंट पक्कं होतं. त्या दिवसांत त्या घरांत काही कामानं गेलं की काय गार वाटायचं. मग बांध खरवडून काढले, पाणी आटलं, आणि घरं तापायला लागली. मी एकदा सासऱ्यांना म्हटलं, "मामंजी, उन्हाळाभर वर थोडं पानी ठेवलं तर?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पलटणीला मेंढरं चारायला न्या म्हणाले होते. "स्लॅब गळंल," ते म्हणाले. विषय संपला.

पण लिंब होता तोवर आमचं बरं चाललं होतं, हे कबूल करते. दुपारी मी आणि आत्याबाई त्याच्याखाली धान्य निवडत बसायचो. शेजारच्या हवालदारीणबाई यायच्या. सगळ्या कॉलनीत तेवढीच एक जागा होती जिथं बाईमाणसाला टेकता यायचं. आमच्या ह्यांची ड्यूटी मिरजेला. ते घरी आले तरी बापासमोर मूग गिळून बसायचे, त्यामुळं ते असले काय आणि नसले काय, सारखंच.

दिवाळी झाली आणि आत्याबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला, तोंड वाकडं झालं. मिरजेच्या दवाखान्यात बरेच दिवस ठेवलं. जीव वाचला पण उठणं नाही. घरी आणलं आणि पुढच्या खोलीत खिडकीशी बाज टाकली. बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. माझ्या जिवाला घोर लागला तो एकाच गोष्टीचा, की आता ह्या बाईला कुठं जाता येणार नाही. आम्ही ओट्यावर जाऊ, परसात जाऊ, नळावर जाऊ. तिचं सगळं जग आता ही एक खोली. ही खोली राहण्यासारखी राहिली तर ती राहील, नाहीतर नाही.

आणि खोली होती बरी, त्या लिंबानं. दुपार कलली की खिडकीतनं ऊन आत यायचं, पण पानांतनं गाळून यायचं. समोरच्या भिंतीवर सावल्या हलत राहायच्या. आत्याबाई पडल्या पडल्या तेच बघायच्या. "काय बघता आत्याबाई?" म्हटलं की वाकड्या तोंडानं म्हणायच्या, "शिनिमा." तेवढी चेष्टा शिल्लक होती अजून.

होळीच्या आसपास सिमेंट आलं.

मला आठवतं, गवंड्यानं सुतळी बांधली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सुतळी लिंबाच्या बुंध्याला येऊन अडली. गवंडी म्हणाला, "हितं जरा भित वळवून घिऊ." आमचे सासरे, चेअरमन, हातात छडी घेऊन उभे. म्हणाले, "वळवायची न्हाई. ड्रेसिंग बिघडंल."

ड्रेसिंग म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. फौजेत जवान रांगेत उभे राहतात तेव्हा मान वळवून शेजाऱ्याकडं बघतात आणि एका रेषेत येतात, ते ड्रेसिंग. भिंतीनंही तसंच यायचं होतं. जळलं ते ड्रेसिंग! मी डोक्यावरचा पदर सावरला आणि पहिल्यांदाच सासऱ्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"मामंजी, भिंतीला तेवढ्यापुरतं पोट सुटलं तर काय बिघडतंय? आत्याबाईंच्या खिडकीवरची सावली जाईल की हो."

"सूनबाई, आज भिंतीला पोट सुटलं की उद्या रस्त्याला सुटंल. चेअरमनच्याच दारात लाइन वाकडी असली तर मी दुसऱ्याला काय तोंडानं सांगू?"

"दुसऱ्याच्या दारात झाड ठेवलंयच कुठं तुमी, सांगायला?"

हवालदारीणबाईंनी मागनं माझा पदर ओढला. सासऱ्यांनी छडी काखेत मारली. ते आत गेले. खिडकीतनं मला आत्याबाईंचा आवाज ऐकू आला, ओढून काढलेला, "लिंब... ऱ्हाऊ द्या." आणि सासऱ्यांचा आवाज, वाईट नव्हे हो, अगदी समजावल्यासारखा, "तुला कळत न्हाई. सोसायटीचा मामला हाय. तुला मी पंखा आनतो."

पंखा आणला. खरंच आणला, टेबलावरचा, हिरव्या पात्यांचा. आणि लिंब पाडला. कुऱ्हाडीचे घाव बसत होते तेव्हा मी आत्याबाईंच्या उशाशी बसले होते. त्या भिंतीकडं बघत होत्या. सावल्या एकदम जोरात हलल्या, आणि मग भिंतीवर नुसतं ऊन. एवढं ऊन की चुन्याचे पोपडे दिसायला लागले. आत्याबाईंनी डोळे मिटले.

भिंत झाली. सरळ झाली. सुतासारखी सरळ. तिसऱ्या रांगेतल्या एका पेन्शनीतल्या नायकानं येऊन तिची तारीफ केली. ती भिंत मी इतक्या वर्षांत पुष्कळदा बघितली आहे आणि तिचा उपयोग काय ते मला अजून समजलेलं नाही. तिच्यावर ओली गोधडीसुद्धा टाकू देत नसत.

मग उन्हाळा आला. स्लॅब दिवसभर ऊन प्यायचा आणि रात्रभर ते आमच्या अंगावर ओकायचा. खोलीतल्या भिंतीला हात लावला की चटका बसायचा. पंखा? वीज दुपारी जायचीच, आणि असली तरी तो गरम हवा घुसळायचा, ताक घुसळावं तशी. खिडकीला मी गोणपाट ओलं करून लावायचे, ते बघता बघता कडक व्हायचं. नळाला पाणी सकाळचं, घागरी मोजक्या. आत्याबाईंचं अंग घामोळ्यानं लाल झालं, पाठीला जखमा व्हायला लागल्या. मिरजेचा डॉक्टर आला. त्यानं तपासलं आणि सांगितलं, "ह्यांना थंड जागी ठेवा." वा रे वा! औषध सांगितलं पण दुकान नाही सांगितलं.

त्याच उन्हात माझा बाप विहिणीला बघायला आला. पटका, घोंगडं, आणि चेहऱ्यावर स्लॅबाचा अभिमान. मी म्हटलं, "आबा, परसात बसा, थोडा वारा हाय." छे! पाहुणा स्लॅबाखालीच बसणार. बसला बापडा खुर्चीत, पटका न काढता. घाम कानामागनं धार लावून चाललेला. सासरे समोर, तेही सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून. दोघं एकमेकांकडं बघून मान हलवतायत, आणि बाप म्हणतोय, "लय झ्याक घर हाय. लय गार हाय." मला त्या क्षणी त्या दोघांचीही इतकी चीड आली की मी दुसऱ्या खोलीत जाऊन पाट आपटला. बाजेवरची बाई तापत होती आणि हे दोघं इज्जत सांभाळत बसले होते. चहा झाल्यावर बाप जो बाहेर पडला तो तडक शेजारच्या मळ्याच्या बांधावर बाभळीखाली जाऊन घोंगडं टाकून झोपला. संध्याकाळी गावाला जाताना मला म्हणाला, "पोरी, सुखात हाईस." मी म्हटलं, "व्हय. तुमी झोपलात ना नीट?"

त्या शेजारच्या मळ्याबद्दल सांगायचं राहिलं. कॉलनीच्या पलीकडं एका म्हाताऱ्याचा हळदीचा मळा होता आणि त्याच्या विहिरीवर आंब्यांची राई. आमच्या कॉलनीवाल्यांना तो मळा डोळ्यांत खुपायचा. झाडं कशीही उभी, कुंपण वाकडं, पाला पडलेला. "शिस्त न्हाई मानसाला," असं सासरे म्हणायचे. त्या उन्हाळ्यात मला एक गंमत दिसायला लागली. जेवणं झाली की कॉलनीतला एकेक फौजी घराबाहेर पडायचा. कुणी म्हणायचा, "जरा पोस्टात जाऊन येतो." कुणी, "सायकलीत हवा भरून आणतो." आमचे सासरे म्हणायचे, "जरा सोसायटीचं काम हाय." आणि संध्याकाळ होईपर्यंत पत्ता नाही. रविवारीसुद्धा पोस्टात!

हवालदारीणबाईंनी शोध लावला. त्या मळ्यात हळकुंडं विचारायला गेल्या आणि बघतात तर काय, आख्खी पलटण आंब्याखाली! कुणी पत्ते खेळतंय, कुणी उशाला टोपी घेऊन घोरतंय, आणि चेअरमनसाहेब बुंध्याला टेकून पेपर वाचतायत. ज्यांनी माळावरचं झाडन् झाड तोडलं ते सगळे दुसऱ्याच्या झाडाखाली. प्रत्येकजण स्वतंत्र थाप मारून आलेला. आणि बाया कुठं? बाया स्लॅबाखाली, चुलीपाशी.

मला सांगताना हवालदारीणबाई हसत होत्या. मला हसू आलं नाही. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. ओठ कोरडे, केस कपाळाला चिकटलेले. मी विचारलं, "आत्याबाई, जायचं का मळ्यात?" त्यांनी डोळ्यांनीच होय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष पोस्टात गेल्यावर आम्ही चौघी जमलो. मी, हवालदारीणबाई आणि मागच्या रांगेतल्या दोघी. ऊन अंगावर येऊ नये म्हणून मी एक पांढरी चादर भिजवून आत्याबाईंच्या अंगावर घातली, तोंडावरून सुद्धा. आणि बाज उचलली. आधी हातांनी धरली होती, मग जमेना म्हणून खांद्यावर घेतली. त्या रुंद, सरळ, बिनसावलीच्या रस्त्यानं आम्ही निघालो. चपलांतनं तळवे भाजत होते. गेरूचा दगड, चुन्याचा दगड, गेरूचा दगड. थांबून टेकावं तर टेकायला इंचभर सावली नाही. मागची एक म्हणाली, "बया, ह्यो रस्ता कुनी आखला गं?" मी म्हटलं, "गप चल. आखनारेच पुढं बसलेत."

आम्ही कशा दिसत होतो ते आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. चार खांदे, बाज, वर पांढरी चादर.

मळ्याच्या कुंपणाशी आलो तेव्हा आंब्याखाली कुणीतरी म्हणालं, "आरं, कुनाचं गेलं?" पत्ते खाली पडले. एकेक करून सगळे उठले. झोपलेल्यांना कुणीतरी जागं केलं. डोक्यावरच्या टोप्या उतरल्या आणि सगळे फौजी, सवयीनं, रांगेत उभे राहिले. ड्रेसिंगमध्ये. आमचे सासरे सगळ्यांत पुढं. त्यांनी मला ओळखलं, मग बाज ओळखली, आणि त्यांच्या हातातला पेपर गळून पडला. मी त्या माणसाला त्याआधी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं.

आम्ही बाज आंब्याखाली टेकवली. मी चादर काढली. आत्याबाईंनी डोळे उघडले, वर पानांकडं बघितलं, मग त्या रांगेकडं. आणि झटका आल्यापासून इतकं स्वच्छ त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "अजून हाय मी."

कुणी बसलं नाही. हळूहळू एकेकजण टोपी चाचपत कुंपणाबाहेर निघून गेला. मळ्याच्या म्हाताऱ्यानं विहिरीचं पाणी आणून दिलं. आत्याबाई त्या दिवशी गाढ झोपल्या, घोरायला लागल्या. आम्ही चौघी बाजेभोवती बसून मनसोक्त हसलो, आणि हसता हसता मी रडले, ते निराळं.

असं थोडे दिवस चाललं. मग पाठीच्या जखमा वाढल्या आणि डॉक्टर म्हणाला, आता हलवायचं नाही. झालं. परत तीच खोली, तीच भिंत, तेच ऊन. आत्याबाई खाईनाशा झाल्या. पाणी पाजलं तरी अर्धं बाहेर यायचं. ताप चढला तो उतरेना. सासरे मळ्यात जायचे बंद झाले होते. ते ओट्यावर उन्हात बसून राहायचे. माझ्याशी बोलत नव्हते, मीही नव्हते.

एका दुपारी मी बघते तर त्यांनी फौजेतली काळी ट्रंक उघडलेली. तळातनं जुनी ताडपत्री काढली. दोन बांबू आणले, मळ्याच्या म्हाताऱ्याकडनंच, आणि लिंब होता त्या जागी, भिंतीच्या ह्या बाजूला एक, त्या बाजूला एक, असे रोवले. वर ताडपत्री बांधली. बांधता येत होतं त्यांना झकास, गाठी फौजी. सरळ भिंतीवर वाकडंतिकडं ते छप्पर उभं राहिलं. तिसऱ्या रांगेतला तो नायक तासाभरात हजर. "साहेब, लाइन बिघडली. चेअरमनच्या दारात हे पाल बरं दिसत न्हाई."

पाल! मी दारात उभी होते. माझ्या बापाला ज्या शब्दावरनं चारचौघांत हिणवलं होतं, तो शब्द त्यांच्या दारात येऊन उभा राहिला होता. सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. म्हणाले, "व्हय, पालच हाय. जा घरला." नायक गेला.

मी आत आत्याबाईंपाशी गेले. भिंतीवरचं ऊन तुटलं होतं. निम्म्या भिंतीवर सावली आली होती, चौकोनी, कडा सरळ. खोली थोडी निवली होती, नाही म्हणत नाही. सासरे मागनं येऊन दारात उभे राहिले. कपाळावर घाम, हाताला बांबूच्या कुसळांचे ओरखडे. म्हणाले, "बघ. सावली आली."

आत्याबाई बराच वेळ भिंतीकडं बघत राहिल्या. मला वाटलं डोळा लागला. मग ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"काय म्हनती?" सासऱ्यांनी विचारलं.

"हलत न्हाई, म्हणतात."

त्यांनी भिंतीकडं बघितलं, बाजेकडं बघितलं. मग वळून बाहेर गेले. मला वाटलं, गेले आता मळ्यात. मी पदरानं आत्याबाईंना वारा घालत बसले, आणि जरा वेळानं बघते तर भिंतीवरची सावली हलायला लागली. वारा तर नव्हता. पान हलत नव्हतं, म्हणजे असतं तर हललं नसतं. मी खिडकीशी गेले.

सासरे ताडपत्रीच्या बाहेर, उन्हात, त्या सरळ भिंतीला टेकून उभे होते. दोन्ही हातांनी बांबू धरलेला, आणि तो हलवत होते. हळू, मग जरा जोरात, मग थांबून परत हळू, वारा करतो तसा. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. डोक्यावर टोपी नव्हती.

मागं आत्याबाईंचा आवाज आला, "हलतंय."

मी म्हटलं, "हां, हलतंय."

म्हाताऱ्याला घेरी येईल, आत बोलवावं, पाणी द्यावं, हे माझ्या मनात आलं. मी बोलावलं नाही. खिडकी पुरी उघडली आणि परत बाजेपाशी येऊन बसले. उभं राहू दे म्हटलं जरा उन्हात.